न्यादर्श व चल (शैक्षणिक संशोधनातील)

ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा तो संपूर्ण समूह म्हणजे जनसंख्या (समष्टी), त्यातून अभ्यासासाठी निवडलेला गट म्हणजे न्यादर्श आणि व्यक्तिपरत्वे वा परिस्थितीनुसार बदलणारा गुणधर्म म्हणजे चल. ‘न्यादर्श’ ही संज्ञा शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रुळली आहे. संख्याशास्त्रात ‘नमुना’ व ‘प्रतिदर्श’ हे शब्दही चालतात. स्वाश्रयी (ज्याचा परिणाम तपासायचा), आश्रयी (ज्यावर परिणाम मोजायचा) व बाह्य (अभ्यासाबाहेरचे, पण निष्कर्षात ढवळाढवळ करणारे) चल हे भेद परिचित आहेत.

भागावरून संपूर्णाचा अंदाज बांधण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निवडक भागांतील जन्मनोंदींवरून फ्रान्सची लोकसंख्या अजमावली होती. पद्धत म्हणून तिचा आरंभ सामान्यतः नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ आंदेर्स किएर यांनी १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे केलेल्या मांडणीपासून धरतात. मात्र किएर यांची निवड जनगणनेशी ताडून केलेली, सहेतुक होती. त्यामुळे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडीचा पाठपुरावा करणाऱ्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांच्या १९०६ च्या भाषणाला अधिक महत्त्व देणारे मत ग्राह्य वाटते. सहेतुक आणि यादृच्छिक निवडीच्या वादाला निर्णायक वळण पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांच्या १९३४ च्या निबंधाने मिळाले. त्यातील स्तरनिहाय वाटपाचे (समष्टीच्या प्रत्येक स्तरातून किती जण घ्यायचे ते ठरवणारे) सूत्र रशियन संख्याशास्त्रज्ञ अलेक्झांडर चुप्रोव यांनी १९२३ मध्येच दिले होते, आणि हा अग्रमान नेमन यांनी पुढे मान्य केला. स्तरांतील विचरण (मूल्यांचा विखुरलेपणा) आधी माहीत नसेल तर हे सूत्र कितपत टिकते, याचा अभ्यास सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला.

अभ्यासाची चिकित्सा शिकण्यासाठी स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरचा दूधप्रयोग फार उपयुक्त आहे. १९३० मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुलांपैकी निम्म्यांना रोज पाऊण पाइंट (सुमारे ४२५ मिलिलिटर) दूध देण्यात आले. दूध हे स्वाश्रयी चल. उंची व वजन ही आश्रयी चले. निवड चिठ्ठ्या टाकून किंवा वर्णानुक्रमाने झाली. परंतु एखाद्या गटात धष्टपुष्ट वा कुपोषित मुले जास्त आली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये दाखवले, की दूध न मिळालेला गट आरंभीच उंचीने व वजनाने सरस होता. गरीब मुलांविषयीच्या कळवळ्यातून शिक्षकांनी नकळत त्यांना दुधाच्या गटात घातले असावे. वजन कपड्यांसह घेतले होते. फेब्रुवारीत लोकरी कपडे घालणारी सुस्थितीतील मुले जूनमध्ये हलक्या कपड्यांत आली. गरीब मुलांच्या कपड्यांत तेवढा फरक पडला नसावा, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे कौटुंबिक परिस्थिती हे बाह्य चल निवडीतही शिरले आणि मापनातही. जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर कमी खर्चात अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते, असे त्यांनी सुचवले.

न्यादर्शाच्या आकारापेक्षा निवडीचे एकक (एकेक मूल की अख्खा वर्ग) अधिक बारकाईने पाहावे लागते, आणि नेमके तेच प्रबंधांतून निसटते. न्यादर्शाचा आकार सांगणाऱ्या क्रेजसी व मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात १,००० च्या जनसंख्येला २७८ हा आकडा दिला आहे. तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. अख्खे वर्ग निवडले की एकाच शिक्षकाची मुले एकमेकांसारखी ठरतात. प्रत्येकी ४० मुलांचे ३० वर्ग घेतले आणि वर्गांतर्गत सहसंबंध (एकाच वर्गातील मुलांमधील साम्याचे माप) ०.२ असला, तर अंदाजाचे विचरण १ + (४० − १) × ०.२, म्हणजे ८.८ पट होते. १,२०० मुलांचे माहितीमूल्य सुमारे १३६ मुलांइतकेच उरते.

भारतात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा (२०२४ पासून ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’) न्यादर्श शाळांतून घेतला जातो, तर २००५ मध्ये सुरू झालेले ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ हे शैक्षणिक सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाते. शाळेच्या हजेरीपटावर नसलेले किंवा त्या दिवशी गैरहजर असलेले मूल पहिल्या पद्धतीत सापडत नाही. त्यामुळे दोन्हींचे आकडे थेट ताडणे योग्य नाही. असरमध्ये जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येकी २० घरे घेतात. हा न्यादर्श जिल्ह्यासाठी आहे, त्या २० घरांवरून गावाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.