पत्रे, मेणबत्ती आणि एक अडचणीचा शब्द

विद्यापीठातल्या मानवी हक्क गटाचे वर्ष साधारण ठरलेले असते. १० डिसेंबरच्या आसपास पत्रलेखन, एखादा माहितीपट आणि त्यावर चर्चा, सह्यांची मोहीम, संध्याकाळी काटेरी तारेने वेढलेली मेणबत्ती. तारीख १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची, पण पत्रे आणि मेणबत्ती १९६१ची. त्या वर्षी लंडनमधल्या एका वकिलाने वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि राजकीय कारणांनी डांबलेल्यांसाठी वर्षभराची मोहीम मागितली; ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना त्यातूनच उभी राहिली. स्वातंत्र्याच्या नावाने पेले उंचावल्याबद्दल दोन पोर्तुगीज विद्यार्थ्यांना तुरुंगात टाकल्याची बातमी वाचून हे सुचले, असे तो सांगे. त्या बातमीचा माग संशोधकांना नीट लागलेला नाही. विद्यार्थी गट मात्र ती गोष्ट सोडायला तयार नाहीत, आणि का सोडतील?

सुरुवातीची शिस्त कडक होती. संघटनेच्या प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, म्हणजे त्यांच्या सुटकेसाठी पत्रे लिहीत राहायचे: एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट राजवटीतला, एक तिसऱ्या जगातला. स्वतःच्या देशातला चालणार नाही. पत्र मंत्र्याला किंवा तुरुंगाधिकाऱ्याला, भाषा अदबीची, शिवीगाळ नाही. निःपक्षपातीपणा आणि सदस्यांची सुरक्षितता, दोन्ही त्यातून साधत. पण शेजारच्या पोलीस कोठडीबद्दल गप्प का, या प्रश्नाला गटांकडे बराच काळ धड उत्तर नव्हते. पुढे नियम सैल झाला.

खरा गुंता झाला तो ‘प्रिझनर ऑफ कॉन्शन्स’ या शब्दाने. मराठीत कुणी ‘राजकैदी’ म्हणतो, पण तो फार ऐसपैस शब्द. त्यात बाँब टाकणाराही बसतो. ‘विवेककैदी’ म्हटले तर समजावून सांगावे लागते. मूळ व्याख्येत मते, श्रद्धा किंवा ओळख यांमुळे तुरुंगात असलेला आणि हिंसा न केलेला, तिचा पुरस्कारही न केलेला माणूस अभिप्रेत आहे. शेवटच्या अटीनेच घोळ घातला. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या नेत्याला, नेल्सन मंडेलाला, १९६२ साली अशा कैद्यांच्या यादीत घेतले होते, त्याने १९६४च्या खटल्यात घातपाताच्या मार्गाचे समर्थन केले. त्याला यादीत ठेवायचे का, यावर सदस्यांत वाद झाला आणि बहुमत नियमाच्या बाजूने गेले. खटला न्याय्य झाला का, तुरुंगात वागणूक कशी मिळते, यावर काम चालू राहिले; बिरुद मात्र गेले. नियम म्हणून निर्णय सुसंगत होता. तरीही कैद्याची हिंसा मोजायची आणि ज्या राजवटीने दुसरा रस्ताच ठेवला नाही तिची मोजायची नाही, हा आक्षेप आजही खोडता येत नाही. २००६ साली त्याच संघटनेने त्याच माणसाला सर्वोच्च सन्मान दिला. २०२१मध्ये एका रशियन विरोधी नेत्याचे हेच बिरुद जुन्या वक्तव्यांमुळे फेब्रुवारीत काढले आणि मे महिन्यात माफी मागून परत दिले.

१९७३ साली ब्राझीलमध्ये अटक झालेल्या एका प्राध्यापकासाठी पहिले तातडीचे आवाहन निघाले. छळ पहिल्या काही दिवसांतच होतो, तेव्हा महिन्याकाठी एक पत्र धाडून काय उपयोग, हा त्यामागचा विचार.

ऐंशीच्या दशकात काही विद्यार्थ्यांना पत्रे पुरेनाशी झाली. एप्रिल १९८५मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात त्यांनी इमारतीच्या दाराला साखळी घालून सुमारे तीन आठवडे ठाण मांडले. मागणी एकच: दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांतली विद्यापीठाची गुंतवणूक काढा. त्याच वर्षी विश्वस्तांनी ती मान्य केली. ‘कार्यक्रम’ करणारे आणि ‘आंदोलन’ करणारे यांच्यातली धुसफूस तेव्हापासून जास्त ठळक झाली, आणि गटाच्या बैठकीत ती अजून ऐकू येते.

डिसेंबरमधली पत्रांची मॅरेथॉन त्यामानाने अलीकडची, २००१ साली पोलंडमध्ये सलग चोवीस तास पत्रे लिहिण्यातून निघालेली. आता बरेचसे काम फोनवरच्या अर्जाने उरकते. काही गट मात्र टेबलावर कागद, पाकिटे आणि पत्त्यांची यादी मांडतात. प्रत्येक प्रकरणाचे टिपण तिथे ठेवलेले असते, आणि पेन उचलण्याआधी कुणीतरी त्यात हिंसेबद्दलचे वाक्य आहे का ते शोधतोच.