भांग (इंदूर व माळवा)

भांग हे कॅनाबिस सटायव्हा या वर्षायू झाडाचे नाव, आणि त्याच्या पानांपासून होणाऱ्या मादक पदार्थाचेही. संस्कृतात भंगा, आयुर्वेदात विजया. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये झाडाला शास्त्रीय नाव दिले. पुढे लामार्कने भारतातील नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही निराळी जात मानली. जात एक की दोन, हा वाद अजून मिटलेला नाही.

इंदुरात ‘भांग’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो वाटलेल्या पानांचा हिरवा गोळा, झाड नव्हे. बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात. एकाच झाडापासून तीन पदार्थ होतात: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. कायद्याची रेघ पान आणि फुलोरा यांच्यामधून जाते.

आणखी एक गल्लत नावांची. इंग्रजी लेखनातल्या ‘हेंप’ शब्दाचे भाषांतर सरसकट भांग असे केले जाते. पण भारतीय शेतीत त्या नावाने बहुधा ताग किंवा अंबाडी अभिप्रेत असते, आणि या दोन्ही झाडांचा भांगेशी काही संबंध नाही. ताग तर शेंगवर्गातला. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ घडवली. तिच्या वर्णनात येणारा ‘सन’ म्हणजे हा तागच. इंदूरकरांनी तरी ही चूक करू नये.

झाड सरळसोट वाढते, साधारण १ ते ४ मीटर. पान हाताच्या पंजासारखे, करवती कडांचे. नर आणि मादी झाडे वेगळी, परागण वाऱ्याने. दिवस लहान होऊ लागले की फुलोरा येतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी पेरलेले पीक साधारण दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यात असते. ओल त्याला हवी, पण मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही, त्यामुळे काळ्या चिकट जमिनीपेक्षा निचऱ्याची जमीन बरी. धाग्यासाठी दाट पेरणी करतात, म्हणजे फांद्या न फुटता खोड उंच जाते. नर झाडे फुलावर येताच कापणी होते. मग खोडे पाण्यात किंवा दवात कुजवून साल सोडवायची, जशी ताग-अंबाडीची. बियांत सुमारे ३० टक्के तेल असते आणि नशा जवळजवळ नसते. नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. ते १९६४ मध्ये मेशुलाम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी वेगळे केले.

ब्रिटिश काळात गांज्याची परवानाधारक शेती विंध्याचा घाट उतरल्यावर निमाडात, खंडव्याच्या परिसरात होत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि बंगालात नौगाव ही तशीच केंद्रे. बी धरू नये म्हणून नर झाडे ओळखून उपटून टाकणे हे त्या शेतीतले सर्वांत जोखमीचे काम होते. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदी नको, नियंत्रण असावे, हा त्याचा निष्कर्ष. त्या काळातल्या वसाहती कागदपत्रांत इतक्या कसोशीने लोकांना विचारून लिहिलेले फारसे सापडत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने हे चित्र बदलले. गांज्याच्या त्याच्या व्याख्येत फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया येत नाहीत. म्हणून भांग राज्याच्या अबकारी नियमांखाली राहिली आणि मध्य प्रदेशात परवानाधारक दुकानांतून विकली जाते. यावरून ‘दुकानात मिळते, तर कुंडीत लावायला काय हरकत’ असे म्हणणारे अनेक भेटतात. हरकत मोठी आहे. परवान्याशिवाय झाड लावणे, मग ते पानांसाठी का असेना, हा गुन्हा आहे: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. धागा आणि बियांसाठी शासन परवानगी देऊ शकते; उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसे केले, टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे या अटीवर.

सेवनाचा हंगाम महाशिवरात्रीपासून रंगपंचमीपर्यंत. उज्जैनला महाकालेश्वराला भांगेचा शृंगार होतो. इंदुरात रंगपंचमीला राजवाड्याच्या भागातून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि थंडाईचे पेले फिरतात. पाने धुऊन, बदाम, मिरे, बडीशेप, खसखस यांच्याबरोबर वाटून दुधात मिसळतात. दुधाचे कारण चवीपुरते नाही: टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. आयुर्वेदातही विजया शोधन (शुद्धीकरण) केल्यावाचून वापरत नाहीत.

पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून घेतलेला दुसरा पेला हेच सणातल्या बहुतेक त्रासाचे मूळ: घाबरगुंडी, ओकाऱ्या, छातीत धडधड, भ्रम. मानसिक आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी भांग मुळीच घेऊ नये, आणि पाहुण्याला न सांगता थंडाईत ती घालणे तर सरळसरळ विषप्रयोगासारखे आहे.

‘तुळशीत भांग’ हा वाक्प्रचार मराठीत चांगल्या कुळातल्या वाईट माणसासाठी आहे. उलट बाजूने ‘भांगेत तुळस’ही म्हणतात.