कोपऱ्यात रंग गडद का दिसतो?

शेड कार्डवर छटा अगदी हलकी, लिंबासारखी दिसते. रंगाचे दोन हात मारून पेंटर निघून जातो आणि खोली पिवळीधमक! दुकानदाराने डबा बदलला की काय, अशी शंका येते. डबा बहुतेक वेळा तोच असतो. आपण धरत नाही तो हिशेब प्रकाशाचा.

एक पिवळा कार्डपेपर मधोमध दुमडा आणि अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा धरा. घडीपाशी रंग कडेपेक्षा गडद दिसेल. घडीत प्रकाश एका पानावरून दुसऱ्यावर आपटतो आणि मग डोळ्यापर्यंत येतो. समजा, हा कागद अंगावर पडलेल्या पिवळ्या प्रकाशापैकी ८० टक्के परत पाठवतो आणि निळ्यापैकी ४० टक्के. पहिल्या उसळीनंतर पिवळा निळ्याच्या दुप्पट. दुसऱ्या उसळीनंतर उरतात ६४ आणि १६, म्हणजे चौपट. तिसऱ्यानंतर साधारण ५१ आणि ६, आठपट! चार भिंतींची खोली म्हणजे अशीच मोठी घडी. कार्डचा इवलासा चौकोन मात्र एकटाच असतो, त्याला समोरून रंगीत प्रकाश देणारं कुणी नसतं. म्हणून कार्डवर आवडली त्याहून एखाद-दोन पायऱ्या फिकी छटा घेतलेली बरी. पांढऱ्या छताचंही तसंच: खाली लालभडक गालिचा अंथरला आणि त्यावर ऊन पडलं, की छतावर गुलाबी झाक चढते.

दुसरा घोळ दिव्यांचा. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात: २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. एवढ्या फरकाला डोळे थोड्या वेळात सरावतात. खरी पंचाईत होते ती जुन्या भिंतीवर ठिगळ मारताना. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी त्या तिघींना सारखंच चाळवलं, तर दोन्ही रंग एकच वाटतात. दिवा बदलला की सोंग उघडं पडतं. याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला राखाडी घरी हिरवट दिसला, तर चूक आपल्या नजरेची नव्हे.

शेजारही रंग बदलतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात धाग्यांचा काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल, यांना रंगात खोट सापडली नाही. खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची होती. शेजारचा रंग आपल्या उलट रंगाची झाक भासवतो, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १८३९ साली आला. घरातला निळा सोफा मागच्या राखाडी भिंतीला किंचित पिवळट भासवतो, तो याच न्यायाने.

आणि ओल्या रंगावरून निकाल देऊ नका. इमल्शनमधला बाइंडर, म्हणजे रंगद्रव्याला भिंतीशी धरून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो, सुकला की पारदर्शक होतो. त्यामुळे सुकलेला रंग बहुधा गडद दिसतो.

नमुना थेट भिंतीवर लावू नये असं माझं मत आहे, कारण जुना रंग चहूबाजूंनी नजरेत घुसतो. त्यापेक्षा दोन मोठे पुठ्ठे रंगवा, दोन हात देऊन पूर्ण सुकवा आणि काटकोनात जोडून खोलीच्या कोपऱ्यात उभे करा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री आपलाच दिवा लावून बघा. त्या काटकोनाच्या घडीत जो रंग दिसेल, खोलीचा रंग त्याच्याच जवळपास जाईल.