मशेरीची तरतरी येते कुठून?

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सकाळी दात घासणं म्हणजे मशेरी लावणं. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळत बसायचं. कुठे हिलाच मिश्री म्हणतात. लावणाऱ्या बहुतेक बायका. का लावता विचारलं तर सांगतात: तरतरी येते, नाही लावली तर डोकं धरतं, काही सुचत नाही, पोटही साफ होत नाही.

त्या सांगतात ते खरंच घडतं. मशेरीतलं निकोटिन तोंडाच्या नाजूक अस्तरातून रक्तात उतरतं आणि मेंदूत पोचतं. मेंदूच्या पेशी ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात. त्या रसायनाच्या जागी निकोटिन जाऊन बसतं, डोपामिन हे सुखावणारं रसायन स्रवतं, बरं वाटतं. आतड्यांनाही ते चाळवतं. तंबाखूची सवय नसलेल्या निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत निकोटिनमुळे लक्ष आणि प्रतिसादाचा वेग किंचित सुधारलेला दिसला. म्हणजे डोकं तल्लख करणारं औषध म्हणून आज जे शोधलं जातं, त्यातलं एक आपल्या मोरीपाशी डबीत केव्हापासूनच आहे.

रोज लावणारीचा हिशेब मात्र वेगळा आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे सकाळपर्यंत फारच थोडं उरतं. मेंदूला तर त्याची सवय लागलेली. उठल्यावरची चिडचिड, डोकेदुखी, मन न लागणं हा बराचसा निकोटिन उतरल्याचा त्रास असतो आणि मशेरी लावली की तोच शमतो. बाईला वाटतं, आता डोकं चालू झालं. मशेरी न लावणाऱ्या शेजारणीचं डोकं उठल्यापासूनच तिथे असतं.

दातांबाबतीतही हेच. पुष्कळजणींची सुरुवात दाढदुखीतून होते. "थोडी लाव, ठणका थांबेल," असं घरातलंच कुणी सांगतं. कळ बोथट होते, पण कीड थांबत नाही. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात; तोंडाचा सामू (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5च्या खाली गेला की दाताचं इनॅमल विरघळू लागतं. त्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि दोन वेळचा ब्रश उपयोगी पडतो, तंबाखू नाही. उलट जिथे तंबाखू चोळली जाते तिथली हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, दात शिवशिवतात. मग पुन्हा डबी उघडते.

भाजल्याने तंबाखू सौम्य होते, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तंबाखूत नायट्रोसमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्यं असतातच; भाजताना बेंझोपायरीनसारखी आणखी तयार होतात. मुंबईत 1217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मशेरीचंच प्रमाण सर्वाधिक होतं. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी जन्मली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका सुमारे 1.4 पट होता. अशा बाईला "तंबाखू खाता का?" विचारलं तर ती नाही म्हणते, कारण ती दात घासते. म्हणून दवाखान्यात मशेरीचं नाव घेऊनच विचारायला हवं. 1992 साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावरची मशेरी तिच्या कक्षेत येत नाही.

सोडताना पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. नंतर दोन ते चार आठवड्यांत डोकेदुखी, चिडचिड ओसरत जाते आणि विचारही पूर्वीसारखे सुचू लागतात. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गरोदर असाल तर तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि दुखरी दाढ आधी दाखवून घ्या. मशेरी सुटली की तिने दाबून ठेवलेला ठणका पुन्हा वर येऊ शकतो आणि नेमक्या त्याच रात्री हात डबीकडे जातो.