दृढीकरण मागे कसे पडले? प्रवेशसंस्कारांच्या क्रमाची पार्श्वभूमी

तान्हेपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), सात-आठ वर्षांचे झाल्यावर पापनिवेदन आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर घेणे), मग चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे कपाळावर तेल लावून पवित्र आत्म्याचे दान देण्याचा संस्कार. लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडील कॅथलिक परंपरेतल्या अनेक धर्मग्रामांत (पॅरिशांत) हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो पहिल्यापासून असाच असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे आजचे रूप विसाव्या शतकातले आहे, आणि ते कोणी नीट विचार करून ठरवलेले नाही. एका निर्णयाने ख्रिस्तप्रसाद अलीकडे आला आणि दृढीकरण मागे राहिले.

पहिल्या शतकांत पाणी, तेलाचा अभिषेक आणि ख्रिस्तप्रसाद हे सगळे एकाच विधीत होत असे. ख्रिस्ती लोक खेडोपाडी पसरले तेव्हा बिशपला सगळीकडे पोचणे अशक्य झाले. पूर्वेकडे अभिषेकाचा अधिकार धर्मगुरूंना मिळाला. पूर्वेकडील कॅथलिक चर्चच्या परंपरेत म्हणूनच तान्ह्या बाळाला तिन्ही संस्कार एकत्र दिले जातात. पश्चिमेने कपाळावरचा अभिषेक बिशपकडेच ठेवला. ४१६ सालच्या एका पोपच्या पत्रात तसे स्पष्ट म्हटले आहे: स्नानसंस्कारानंतर धर्मगुरूने तेल लावावे, पण कपाळावर नाही. ही विभागणी आजही दिसते. बाळाच्या टाळूवर धर्मगुरू जे क्रिझम लावतो, तेच ऑलिव्ह तेल व सुगंधी द्रव्याचे मिश्रण पुढे दृढीकरणात कपाळावर लावले जाते. प्रौढाला दृढीकरण लगेच मिळणार असेल तर टाळूवरचा अभिषेक गाळतात. बाळांना ख्रिस्तप्रसाद म्हणून द्राक्षारसाचा थेंब देण्याची पश्चिमेकडची प्रथा बाराव्या शतकापासून मागे पडत गेली.

खरा गुंता १२१५ च्या विश्वपरिषदेपासून, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेपासून, सुरू होतो. विवेकाच्या, म्हणजे बरेवाईट कळण्याच्या वयाला पोचलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि निदान ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम तिने केला. ते वय कोणते, हे मात्र सांगितले नाही. पुढच्या शतकांत त्याचे दोन अर्थ रूढ झाले: पापनिवेदनासाठी एक वय आणि ख्रिस्तप्रसादासाठी त्याहून बरेच मोठे, कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा. चूक समजण्याइतके शहाणे झालेले मूल वेदीपासून मात्र वर्षानुवर्षे लांब ठेवले जाई. काही ठिकाणी तर लहान मुलांना पापक्षमाही नाकारली जात असे.

रोमच्या ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने हे दुहेरी माप मोडले. दोन्हींसाठी वय एकच, सुमारे सात. थोडे पुढे किंवा थोडे अलीकडेही चालेल. पूर्ण व बिनचूक धर्मज्ञानाची अट नाही. श्रद्धेची मुख्य रहस्ये आपल्या कुवतीनुसार मुलाला माहीत असावीत, आणि साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला कळावा, एवढे पुरे. मूल तयार आहे की नाही हे आईवडिलांनी आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ठरवायचे. हा निर्णय योग्यच होता, आणि त्यामागची दृष्टी आजही पुरेशी रुजलेली नाही. ख्रिस्तप्रसाद हे अभ्यास पुरा केल्याचे बक्षीस नाही, ते अन्न आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी तोंडी परीक्षा घेऊन प्रार्थना पाठ नसलेल्या मुलाला वर्षभर थांबवणारे वर्ग या आदेशाच्या विरुद्ध वागतात.

पण त्या आदेशात दृढीकरणाच्या क्रमाचा विचारच नव्हता. तोवर अनेक प्रदेशांत मुले पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी दृढीकरण घेत; स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत तर ते तान्ह्यांनाही देत. फ्रान्समध्ये क्रम आधीच उलटला होता आणि १८९७ मध्ये एका पोपने त्याबद्दल नापसंती दाखवली होती. १९१० नंतर ख्रिस्तप्रसाद सातव्या वर्षावर आला आणि बारा-तेराव्या वर्षी धर्मशिक्षणाची सांगता करणारा सोहळा उरला नाही. ती जागा हळूहळू दृढीकरणाने भरली. १९१७ च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायदेसंग्रहाने, दृढीकरणासाठी सुमारे सात हेच वय सुचवले होते. १९८३ च्या संहितेने विवेकाचे वय कायम ठेवले, पण बिशपांच्या राष्ट्रीय मंडळांना दुसरे वय ठरवण्याची मुभा दिली. बऱ्याच मंडळांनी ती वापरली आणि वय वर सरकत गेले. ‘आता मी स्वतः श्रद्धा स्वीकारतो’ असा अर्थ दृढीकरणाला चिकटला तो याच काळात. विधीत मात्र वेगळेच आहे: १९७१ पासूनच्या शब्दांनुसार उमेदवार पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा घेतो. तो देत काही नाही, घेतो.

विसंगती उघड होते ती धर्मशिक्षणाच्या वर्गात. सात वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला स्नानसंस्कारापुरते प्रौढ मानले जाते, आणि १९७२ च्या प्रौढांच्या प्रवेशविधीप्रमाणे त्याला तिन्ही संस्कार एकाच वेळी मिळायला हवेत. नऊ वर्षांच्या मुलीचा ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्कार झाला, तर तो करणाऱ्या धर्मगुरूला तिला दृढीकरण देण्याचा अधिकार आहे आणि तो वापरणे त्याला बंधनकारक आहे. तिच्याच बाकावरची, तान्हेपणी स्नानसंस्कार झालेली मैत्रीण आणखी पाच-सहा वर्षे थांबते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘बरोबरीच्यांसोबत घेऊ दे’ म्हणून त्या नऊ वर्षांच्या मुलीचेही दृढीकरण लांबवणे. नियमात याला आधार नाही.

उशिराचा दुसरा परिणाम धर्मग्रामाच्या कार्यालयात दिसतो. धर्मपिता किंवा धर्ममाता (गॉडपेरेंट) होण्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेला असावा लागतो. विवाहाआधीही, मोठी अडचण नसेल तर, दृढीकरण घ्यावे असा नियम आहे. पंधराव्या वर्षी वर्ग सोडलेली मुले पंचविशीत दाखल्यासाठी येतात ती यामुळे. दृढीकरण झालेले असले तरी नोंद सापडेलच असे नाही. नोंद विधी झालेल्या ठिकाणी होते, तिथून ती स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवून मूळ वहीत त्याच नावासमोर चढवायची असते. कुटुंबाने दरम्यान गाव बदलले असेल तर हे कळवणेच राहून जाते. अर्जावर स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाचे नाव आणि वर्ष न घेतल्याने निम्मा घोटाळा होतो.

अलीकडच्या दशकांत काही धर्मप्रांतांनी जुना क्रम परत आणला आहे: सात-आठव्या वर्षी, एकाच मिस्सेत (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत), प्रवचनानंतर दृढीकरण आणि पुढे पहिला ख्रिस्तप्रसाद. आक्षेप एकच येतो, की मुले पुढे वर्गाला येणार नाहीत. ती दृढीकरणानंतरही येत नाहीतच, फक्त हे सहा-सात वर्षे उशिरा कळते. बदल करताना संक्रमणाची काही वर्षे जड जातात, कारण मधल्या इयत्तांतली सगळी मुले एकाच वेळी पात्र ठरतात. बिशप एकटा पुरणार नसेल तर तो ठरावीक धर्मगुरूंना दृढीकरणाचा अधिकार देऊ शकतो. पापनिवेदन मात्र त्याआधीच व्हायला हवे. १९७० च्या सुमारास ते ख्रिस्तप्रसादानंतर ढकलण्याचे जे प्रयोग झाले, ते १९७३ मध्ये बंद करण्यात आले.