बाळाचा मणका आणि पामरचा सिद्धांत

तालमींच्या कोल्हापूरला हाड बसवणं नवं नाही. खांदा निखळला की पैलवान आधी वस्तादाला गाठतो, एक्स-रे मागाहून. तान्ह्या बाळालाही न्हाऊ घालणारी बाई तेल जिरवून हातपाय दुमडते, सोडते. त्यामुळं मोबाईलवर कुणी परदेशी कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके दाबून उपचार करणारा, महिन्याभराच्या बाळाची पाठ दाबताना दिसला, तर इथल्या आजीला त्यात वावगं वाटत नाही. वस्ताद मात्र लचक काढतो, कान फुटला म्हणून मणका दाबत नाही. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात नेमकी कानापासून झाली.

साल १८९५. शाहू महाराज गादीवर येऊन वर्ष झालं होतं. अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर चुंबकीय उपचार करायचा. हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगे. ऐकण्याची नस मणक्यातून जातच नाही, पण गोष्ट चालली. मणके जागचे सरकतात, नसांवर दाब येतो आणि शंभरातले ९५ आजार त्यातूनच होतात, असा सिद्धांत त्यानं उभा केला. १८९७ मध्ये शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याशिवाय उपचार केले म्हणून तुरुंगातही गेला. पुढं मुलगा बी. जे. पामरनं धंदा वाढवला.

एकदा हे मान्य केलं की बाळं आलीच. बाळंतपणात मानेला ओढ बसते, म्हणजे पहिला मणका तिथंच सरकला, असं म्हणायला कितीसा वेळ! १९८६ मध्ये लॅरी वेबस्टर यांनी लहान मुलांच्या कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी संघटनाच काढली. दमा, कानाचा संसर्ग, अंथरूण ओलं होणं, सगळं यादीत आलं.

सर्वांत जास्त चाललं ते पोटशूळावर. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवडे रडणारं बाळ, ही व्याख्या १९५४ ची. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या दरम्यान बाळाला जिथं नेलं असेल, श्रेय तिथं जातं. बाळगुटीलाही ते असंच मिळत आलंय. २००१ मध्ये नॉर्वेत ८६ बाळांवर प्रयोग झाला. कुणाच्या बाळाचा मणका दाबला आणि कुणाचं नुसतंच धरून ठेवलं, हे आईबापांना सांगितलं नव्हतं. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के बाळं सुधारली, न झालेल्यांपैकी ६०. इतक्या कमी बाळांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून संशोधकांनी उपचाराचा उपयोग दिसत नाही असाच निष्कर्ष काढला. दम्याच्या मुलांवर कॅनडात झालेल्या १९९८ च्या अभ्यासातही काही हाती लागलं नव्हतं.

२००८ मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी अशा दाव्यांना पुरावा नाही असं लिहिलं, तर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक संघटनेनं त्यांच्यावरच बदनामीचा खटला भरला. तो २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. त्यातून पेटलेल्या चळवळीनं इंग्लंडचा बदनामीचा कायदा २०१३ मध्ये बदलला.

ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळाला उलटं धरल्याचा व्हिडिओ गाजला आणि २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांचे मणके दाबू नयेत असं तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळानं ठरवलं. व्हिक्टोरिया राज्यानं केलेल्या तपासणीत इजेचे पुरावे फारसे मिळाले नाहीत, पण फायद्याचेही नाहीत. २०२३ मध्ये मंडळानं बंधन सैल केलं, तेव्हा आरोग्यमंत्री खवळले. २०२४ मध्ये ते पुन्हा लागू झालं.