लुडविग ब्रेकबीट्स (छोटा ड्रमसेट)

ब्रेकबीट्स हा लुडविग या जुन्या अमेरिकन कंपनीचा छोटेखानी ड्रमसेट, २०१३ साली द रूट्स बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह याच्यासोबत काढलेला. हा शेल पॅक म्हणून मिळतो, म्हणजे त्यात नुसते ड्रम असतात; झांजा, स्टँड, पेडल, स्टूल सगळं वेगळं घ्यायचं, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या पोरांनी पहिला सेट घेताना सगळे पैसे ड्रममध्येच घालू नयेत.

लुडविग १९०९ साली शिकागोत विल्यम आणि थिओबाल्ड या भावांनी काढली, सुरुवात बेस ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पेडलपासून. १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर आले तेव्हा त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बेस ड्रमवर हेच नाव होतं आणि मग मागणी अशी वाढली की कारखाना पुरा पडेना.

सेटमध्ये बेस ड्रम १६ इंची (तोंडाची रुंदी), वर बसणारा छोटा टॉम १०, जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम १३ आणि खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा स्नेअर १४. नेहमीचा बेस २२ इंची असतो, म्हणून इथे बेसखाली लिफ्ट, म्हणजे उंच करणारा आधार, दिलेली आहे, ती नसती तर पेडलचा बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) मधोमध न लागता पार वरच्या कडेला लागला असता. खरी कला मात्र ट्युनिंगची. १६ इंची बेस जास्त ताणला की टॉमसारखा टणटण वाजतो, म्हणून आधी सगळे स्क्रू हाताने बसतील तेवढेच बसवा, मग ड्रम कीने (ड्रमच्या छोट्या पान्याने) समोरासमोरचे पाव-पाव फेरा, हेडवरच्या (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावरच्या) सुरकुत्या गेल्या की थांबा. आत उशी कोंबू नका, हेडला जेमतेम टेकेल असा टॉवेल पुरतो.

खान्देशात असा सेट फार कामाचा आहे असं मला मनापासून वाटतं. आखाजीला, गणपतीत, लग्नाच्या मांडवात अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम असला की स्टेज केवढंसं, त्यात कीबोर्ड, ऑक्टापॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड), ढोलकी, गाणारे, २२ इंची बेस ठेवायचा कुठे? हा सेट मात्र कोपऱ्यात मावतो आणि लाकडी ड्रमवर काठी पडल्यावर जो जीव येतो तो पॅडला नाही. हेड प्लॅस्टिकचे, डफासारखे शेकावे लागत नाहीत. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद गाडीत सेट ठेवू नये, शेल, म्हणजे ड्रमची गोल लाकडी अंगं, लाकडाचे थर चिकटवूनच केलेली असतात. उघड्या मैदानावर बेसला माइक लागतोच, एवढ्या छोट्या बेसचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही.